एक गोष्ट, दोन भाषा : ‘तुला पाहते रे’ आणि ‘जोते जोतेयलि’

(जांबोटी येथे शिक्षक, विद्यार्थी आणि लिहिणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भाषेच्या कार्यक्रमात दूरदर्शन मालिकेवर बोलायचं म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. मालिका म्हणजे वेळ घालवण्याची गोष्ट, तिच्यावर व्याख्यान कसलं? पण जांबोटीसारख्या गावात संध्याकाळी सातनंतर घराघरांतून जी भाषा ऐकू येते, तिच्यात आपल्या बोलण्याइतकाच मालिकांच्या बोलण्याचा वाटा असतो. शाळेत आपण मुलांना दिवसातून एखादा तास भाषा शिकवतो. मालिका रोज शिकवते आणि परीक्षाही घेत नाही. तेव्हा ती काय शिकवते हे एकदा नीट पाहायला हवं.

मी दोनच मालिका निवडल्या आहेत, आणि खरं पाहता त्या एकाच गोष्टीच्या दोन मालिका आहेत. झी मराठीवर १३ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालेली आणि २० जुलै २०१९ ला संपलेली ‘तुला पाहते रे’, आणि तिचा झी कन्नडवरचा रिमेक ‘जोते जोतेयलि’. तो ९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाला. मराठी संपल्यावर सातच आठवड्यांनी तीच गोष्ट कन्नडमध्ये नव्याने सुरू झाली. पुण्याच्या प्रेक्षकाला याचं काही सोयरसुतक नव्हतं, आणि बेंगळूरच्या प्रेक्षकाला आधी काही होऊन गेलंय याची फारशी कल्पना नव्हती. दोन्ही बाजूंनी ही गोष्ट पाहणारा माणूस होता तो आपल्या पट्ट्यातला, बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा. त्या माणसाच्या जागेवरून या दोन मालिका कशा दिसतात, हे मला आज मांडायचं आहे.

आधी गोष्टीचा गुंता सोडवू, कारण अनेकांची तक्रार हीच होती की मालिका समजेनाशी झाली. सुरुवातीला ती साधी होती. विक्रांत सरंजामे हा चाळिशी ओलांडलेला श्रीमंत उद्योगपती, ती भूमिका सुबोध भावे यांची. ईशा निमकर ही चाळीतल्या साध्या घरातली तरुण मुलगी, ती गायत्री दातार यांनी केली. दोघांच्या वयात वीस वर्षांचं अंतर. लोकांनी चर्चा केली ती या अंतराची : असं लग्न व्हावं का, आईबापांनी काय करावं. महिनोन्महिने आपण एक प्रेमकथा पाहतोय असंच सगळ्यांना वाटत होतं.

मग जमीन सरकू लागली. विक्रांतची पहिली बायको होती, राजनंदिनी. ती भूमिका शिल्पा तुळसकर यांची. ती गेली कशी, हा प्रश्न पुढे आला. मग कळलं की विक्रांत हा सरंजाम्यांच्या घरचा मुलगाच नव्हे, तो जावई आहे. त्याचं खरं नाव गजेंद्र पाटील. राजनंदिनीच्या मृत्यूमागे तोच आहे. आणि ईशा ही राजनंदिनीचाच पुनर्जन्म आहे. ज्याला आपण नायक समजत होतो तो खलनायक निघाला, जिला भोळी समजत होतो ती मागच्या जन्माचा हिशेब मागायला आलेली निघाली. प्रेमकथा, खुनाचा शोध आणि पुनर्जन्म अशा तीन गोष्टी एकीच्या पोटात एक ठेवल्या होत्या, आणि बाहेरची आधी दाखवली होती.

विद्यार्थी मित्रांनो, असा गुंता सोडवायची एक जुनी रीत आहे. फळ्यावर दोन रकाने आखायचे. एका रकान्यात गोष्ट जशी घडली तशी लिहायची, दुसऱ्यात ती जशी सांगितली तशी. पहिल्या रकान्यात गजेंद्र नावाचा गरीब, महत्त्वाकांक्षी तरुण सरंजाम्यांकडे येतो, राजनंदिनीशी लग्न करतो, विक्रांत होतो, ती मरते, ईशा जन्मते, मोठी होते, त्याला भेटते. सरळ रेषेत ही गोष्ट दहा वाक्यांत संपते आणि मुळीच अवघड वाटत नाही. दुसऱ्या रकान्यात क्रम उलटा आहे : भेट, प्रेम, लग्न, संशय, आठवण, आणि मग सगळ्यात जुनी घटना सगळ्यात शेवटी. अवघडपणा गोष्टीत नव्हता, सांगण्याच्या क्रमात होता. दोन रकाने शेजारी ठेवले की लेखकाने कोणती माहिती किती काळ दडवली आणि का दडवली हे दिसतं. कादंबरीचं निवेदन समजावताना आपण वर्गात जे धडपडून सांगतो, ते मुलांना मालिकेतून अर्ध्या तासात कळतं. मग तीच दृष्टी कादंबरीकडे नेता येते.

आता कन्नडकडे वळू. ‘जोते जोतेयलि’त विक्रांतचा आर्यवर्धन झाला. ती भूमिका अनिरुद्ध जतकर यांनी केली. ईशा निमकरची अनु सिरिमने झाली, ती मेघा शेट्टी यांनी केली. आपल्याकडच्या प्रेक्षकाला रहस्य आधीच ठाऊक होतं. मग त्याने कन्नड मालिका का पाहिली? मला वाटतं, शेवट माहीत असताना गोष्ट पाहणं ही आपली जुनी सवय आहे. दशावताराला बसलेला माणूस राक्षस मरणार की नाही याची चिंता करत नाही. यक्षगानाला बसलेला माणूस महाभारत ऐकून आलेला असतो. तो पाहतो ते हे की आजचा नट प्रसंग कसा उभा करतो, कालच्यापेक्षा काय वेगळं करतो. रिमेक पाहताना आपण नकळत त्याच प्रेक्षकाच्या जागी जाऊन बसतो.

म्हणून ‘मूळ कोणतं आणि नक्कल कोणती’ हा प्रश्न मला फार उपयोगी वाटत नाही. ‘काय बदललं आणि काय तसंच ठेवलं’ हा प्रश्न विचारला की भाषेचा अभ्यास सुरू होतो. तीन ठिकाणी तो विचारून पाहू : शीर्षक, नावं आणि नाती.

शीर्षकापासून सुरुवात करू. ‘तुला पाहते रे’ हे शब्द मराठी माणसाला नवे नव्हते. राजा परांजपे यांच्या ‘जगाच्या पाठीवर’ या १९६० च्या चित्रपटातलं गदिमांचं गाणं या शब्दांनी सुरू होतं, संगीत सुधीर फडके यांचं. चित्रपटात ते गाणं आंध‌ळ्या मुलीच्या तोंडी आहे. जिला डोळ्यांनी दिसत नाही ती ‘पाहते’ म्हणते. मालिकेत डोळस मुलीला बराच काळ खरं दिसत नाही. हा योग जुळवून आणलेला असो वा नसो, जुनं गाणं ठाऊक असणाऱ्याला तो जाणवतो.

या तीन शब्दांचं व्याकरणही पाहा. ‘पाहते’ या क्रियापदातून कळतं की बोलणारी स्त्री आहे. ‘रे’ मधून कळतं की ज्याच्याशी बोलते आहे तो पुरुष आहे आणि नातं ‘तू’चं आहे. पण मालिकेतली ईशा त्याला ‘विक्रांत सर’ म्हणते. मग हे ‘रे’ कुणाचं? शेवटाकडे गेल्यावर वाटतं, हे राजनंदिनीचं असावं. शिवाय मराठीत ‘थांब, बघतेच तुला’ असंही आपण म्हणतो, आणि त्यात प्रेम नसतं. पहिल्या भागात प्रेमाचं वाटलेलं शीर्षक शेवटच्या भागात धमकीसारखं ऐकू येऊ लागतं. तीन शब्दांत मालिकेची दोन्ही टोकं येतात.

हे कन्नडमध्ये जसंच्या तसं नेता येणार नाही. ‘नोडुत्तेने’ म्हणजे पाहतो किंवा पाहते. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं, बोलणारा पुरुष की स्त्री हे त्यातून कळत नाही. म्हणून कन्नडवाल्यांनी भाषांतर केलंच नाही. त्यांनी आपल्या घरातलं जुनं कपाट उघडलं. शंकर नाग यांच्या ‘गीता’ या १९८१ च्या चित्रपटातलं इळैयराजांचं गाणं कर्नाटकात लहानथोरांच्या ओठांवर आहे. ‘जोते जोतेयलि’ हे शब्द ऐकले की कन्नड माणसाला तेच आठवतं. ‘जोते’ म्हणजे सोबत. मराठी शीर्षकात एकजण दुसऱ्याकडे पाहते आहे, कन्नड शीर्षकात दोघं बरोबर चालली आहेत.

गंमत अशी की पुढे तेलुगू आणि तमिळ आवृत्त्यांनीही हेच केलं. तेलुगूतलं ‘प्रेम एंत मधुरम्’ हे शीर्षक ‘अभिनंदन’ या चित्रपटातल्या गाण्याचं, आणि तमिळमधलं ‘नीताने एन्दन पोन्वसन्तम्’ हे ‘निनैवेल्लाम् नित्या’ या १९८२ च्या चित्रपटातल्या गाण्याचं. दोन्ही गाणी इळैयराजांचीच. म्हणजे मराठीतून बाहेर पडलेली गोष्ट प्रत्येक भाषेत गेली तेव्हा तिने मराठी शब्द नेले नाहीत, मराठीची रीत नेली : जुन्या गाण्याच्या आठवणीवर नवी गोष्ट उभी करायची. भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द असं आपण मुलांना शिकवत असू तर हे उदाहरण त्यांना जरूर दाखवावं. शब्द एकही गेला नाही, पण त्या शब्दांनी जे काम केलं होतं ते सगळ्या भाषांत झालं.

आता नावं. ‘सरंजामे’ या आडनावात सरंजाम आहे. मराठेशाहीत लष्करी चाकरीच्या बदल्यात उत्पन्नासाठी तोडून दिलेली जमीन किंवा गावं म्हणजे सरंजाम. आपल्या जिल्ह्यात जमिनीची जुनी कागदपत्रं पाहिलेल्या कुणालाही तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्या आडनावाबरोबर वाडा, वतन आणि घराण्याचा ताठा आपोआप येतो, आणि त्या घरात बाहेरून शिरलेला माणूस म्हणजे काय हेही कळतं. कन्नडमध्ये त्याऐवजी ‘वर्धन’ आलं. त्यात वाढ आहे, ऐश्वर्य आहे, उद्योगसमूहाला शोभेल असा रुबाब आहे, पण जमीन नाही. श्रीमंती वतनातून कारखान्यात आली.

ईशाच्या ‘निमकर’मध्ये आपला ‘कर’ आहे. खानापूरकर, बेळगावकर, जांबोटकर यांतला. माणूस कुठल्या गावचा हे सांगणारा. अनुच्या ‘सिरिमने’त ‘सिरि’ म्हणजे संपत्ती, श्री, आणि ‘मने’ म्हणजे घर. पैशाची चणचण असलेल्या घराचं आडनाव श्रीमंतीचं घर! कन्नड लेखकाने इथे मूळ मालिकेत नसलेली एक बारीक थट्टा घातली आहे. ती ज्याला कन्नड येतं त्यालाच कळते.

पण एक नाव बदललं नाही. विक्रांतचा उजवा हात, त्याची सगळी गुपितं पोटात ठेवणारा माणूस मराठीत झेंडे आहे. कन्नडमध्येही तो झेंडेच आहे, आणि तेलुगूतही. नायकाचं नाव बदललं, नायिकेचं बदललं, शहर बदललं, पण ज्याला सगळं माहीत आहे तो मात्र आपलं मराठी आडनाव घेऊन तीन राज्यांत फिरला. कुणी म्हणेल, खलनायकाच्या साथीदारालाच बरं मराठी नाव ठेवलं! मी त्यात फार अर्थ शोधणार नाही. नाव कानाला पटकन बसतं, लक्षात राहतं, म्हणून राहिलं असेल.

‘पाटील’ या आडनावाचं मात्र आणखी वेगळं आहे. मराठी विक्रांत मूळचा गजेंद्र पाटील. कन्नड आर्यवर्धनचं जुनं नावही पाटीलच, सुभाष पाटील. पुण्याच्या प्रेक्षकाला पाटील म्हटलं की महाराष्ट्रातलं गाव दिसतं. बेंगळूरच्या प्रेक्षकाला तेच आडनाव ऐकून उत्तर कर्नाटकातला माणूस दिसतो, विजापूर-धारवाडकडचा. आणि आपल्याला? आपल्याला दोन्ही पाटील माहीत आहेत. एक आपल्या गल्लीत राहतो, दुसरा बाजारात भेटतो, आणि कधीकधी एकाच घरातले दोन भाऊ दोन भाषांतल्या शाळांत शिकलेले असतात. या आडनावाच्या दोन्ही छटा एका वेळी ऐकणारा प्रेक्षक सीमाभागाबाहेर फारसा सापडायचा नाही.

तिसरी गोष्ट नात्यांची. मराठी मालिकेतला मोठा धक्का ‘मुलगा नव्हे, जावई’ हा होता. मराठीत जावई बाहेरचा. त्याला दहावा ग्रह म्हणतात, त्याचा मान ठेवतात आणि त्याला जरा घाबरूनही असतात. घरजावई तर त्याहून अवघड जागेवर. कन्नडमध्ये जावयाला ‘अळिय’ म्हणतात, आणि बहिणीच्या मुलालाही ‘अळिय’च म्हणतात. भाचाच जावई होण्याची रीत त्या शब्दात साठून राहिली आहे. ‘माव’ म्हणजे मामा आणि सासरा, ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासू. मराठीतही मामाच्या मुलीशी लग्न होतं, आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणणाऱ्या जुन्या बायका आपण पाहिल्या आहेत. पण ‘जावई’ हा शब्द परकेपणा घेऊन येतो आणि ‘अळिय’ रक्ताच्या नात्याची ऊब घेऊन येतो. घरात शिरलेल्या जावयाचा विश्वासघात मराठीत भीतीचा वाटतो. कन्नड शब्दात तोच विश्वासघात अधिक दुखरा होतो, कारण तिथे आपल्याच माणसाने केलेला दगा ऐकू येतो.

बायकोने नवऱ्याला हाक मारण्याचंही तसंच. आपल्याकडे ‘अहो’, कन्नडमध्ये ‘री’. बेंगळूरच्या मालिकेत ‘री’ म्हटलं की नवरा वळून पाहतो. पण बेळगाव-धारवाडच्या कन्नडमध्ये ‘री’ हा सगळ्यांनाच लावायचा आदर आहे : ‘बर्री’, ‘हौद्री’. बसच्या कंडक्टरलाही ‘री’, मास्तरांनाही ‘री’. त्यामुळे मालिकेतल्या ‘री’ मधला एकांत आपल्याकडच्या कानाला थोडा उशिरा कळतो.

आता लांबीबद्दल थोडं. मराठी मालिका वर्षाच्या आत संपली. कन्नड २०२३ पर्यंत, साडेतीन वर्षांहून अधिक चालली. तेलुगू त्याहूनही लांबली. मध्ये २०२० ची टाळेबंदी आली, चित्रीकरण थांबलं. ऑगस्ट २०२२ मध्ये निर्माते आणि अनिरुद्ध यांच्यात वाद होऊन ते मालिकेतून बाहेर पडले, आणि त्यांच्या जागी हरीश राज आले. त्यासाठी कथेत अपघात आणि चेहऱ्याची शस्त्रक्रिया आणावी लागली. म्हणजे बदललेल्या नावाने राहणाऱ्या माणसाची गोष्ट सांगता सांगता त्या माणसाचा चेहराही बदलला. गोष्ट लेखकाच्या हातात किती आणि बाहेरच्या कारणांच्या हातात किती, हे नव्याने लिहू पाहणाऱ्यांनी यातून जरूर समजून घ्यावं. मालिका समजेनाशी होते तेव्हा दर वेळी खोल अर्थ शोधायचा नसतो. कधी नट गेलेला असतो, कधी वेळ बदललेली असते.

मग असं पुन्हा बनवण्यापेक्षा मराठी मालिकाच कन्नडमध्ये बोलती का केली नाही? कर्नाटकात अनेक दशकं डबिंगला कडवा विरोध होता. कन्नड कलावंतांचं, लेखकांचं काम जाईल ही त्यामागची भीती. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने डबिंग अडवणाऱ्या संघटनांना दंड केला, आणि २०२० च्या टाळेबंदीत डब केलेल्या पौराणिक मालिका कन्नड वाहिन्यांवर दिसू लागल्या. पण त्याआधी परभाषेतली गोष्ट कन्नडमध्ये आणायची तर ती पुन्हा लिहावीच लागे. त्यामुळे संवाद लिहिणाऱ्याला काम मिळालं, ‘सिरिमने’ सुचायला कुणीतरी बसलं. डबिंगमध्ये ते घडलं नसतं, तिथे ओठांच्या हालचालीला शब्द जुळवायचे असतात. हा धडा मराठीनेही घ्यावा असा आहे. वाहतूक आता दोन्ही बाजूंनी आहे. मराठी ‘तुझ्यात जीव रंगला’ची कन्नडमध्ये ‘जोडी हक्की’ झाली, ‘माझी तुझी रेशीमगाठ’ची ‘सीताराम’ झाली. उलट, कन्नडमधली ‘लक्ष्मी निवास’ २०२४ च्या डिसेंबरात मराठीत आली. आपल्याकडे येणारी गोष्ट आपण किती मनापासून पुन्हा लिहितो, हे आता पाहायचं आहे.

ही देवघेव वाहिन्यांनी सुरू केली असं मात्र नाही. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले होते, आणि तसं काही मराठीत करावं अशी त्यांना सूचना झाली होती. मराठी नाटकाच्या आरंभीच असा एक रिमेक उभा आहे. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कन्नडकडून आले आणि इतके आपले झाले की ते काढून टाकले तर मराठी स्वयंपाकघर आणि मराठी कुटुंब दोन्ही अडून बसतील. आणि जुन्या मराठीत ‘कानडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक कर्नाटकाचा, कन्नड, दुसरा न कळणारा, अगम्य. संतांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटलं तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र खेळवले. शेजाऱ्याच्या भाषेलाच आपण ‘न कळणारं’ हे नाव दिलं, आणि देवालाही तेच नाव दिलं. म्हणजे न कळणाऱ्याबद्दल आपल्या मनात दुरावा होता, तशी ओढही होती.

जगात इतरत्रही सीमेवरच्या गोष्टी अशा फिरतात. २०११ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडन यांनी मिळून एक मालिका केली. दोन देशांना जोडणाऱ्या पुलावर, बरोबर सीमारेषेवर एक प्रेत सापडतं, आणि दोन्ही देशांच्या पोलिसांना एकत्र काम करावं लागतं. एकजण डॅनिश बोलतो, दुसरी स्वीडिश, आणि काम चालतं. २०१३ मध्ये तिचे दोन रिमेक आले : एक अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर, दुसरा इंग्लंड आणि फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यात. आपल्या शिक्षकांना त्यात नवल वाटू नये. आपल्या गावातून निघालेली एसटी कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशेजारून जाते, चोर्ला घाट उतरून गोव्यात जाते, आणि तीन भाषा ओलांडते. तिकीट मात्र सगळ्यांना समजेल अशाच भाषेत मागितलं जातं.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. या दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या की एक उणीव दिसते. मराठी मालिका पुण्या-मुंबईची मराठी बोलते. कन्नड मालिका बेंगळूरची कन्नड बोलते. जांबोटीतलं मूल घरी ‘काय करुलालास?’ म्हणतं, ‘बघ की’ म्हणतं, आणि बाजारात बेळगावी कन्नड बोलतं. त्याच्या दोन्ही बोली त्या पडद्यावर नाहीत. त्याला हळूहळू वाटू लागतं की खरी मराठी तिकडची आणि खरी कन्नडही तिकडचीच, आपल्या वाट्याला आली आहे ती भेसळ. शाळेत तेच मूल ‘करुलालास’ लिहितं तेव्हा आपणही लाल रेघ मारतो. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, ती शिकवल्याशिवाय परीक्षा आणि नोकरी नाही. पण लाल रेघेबरोबर एवढं सांगायला हवं की ही चूक नाही, ही आपल्या भागाची भाषा आहे. तिच्यातलं ‘लाल’ कुठून आलं याचा शोध शेजारच्या कन्नडपर्यंत जाऊ शकतो.

बोलीत मालिका चालत नाही असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळून गेलं आहे. घाट उतरून सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये मालवणी बोलत आली आणि महाराष्ट्रभर पाहिली गेली. कोल्हापुरी आणि सातारी बोलीही मालिकांत चालल्या. खानापूरची बोली अजून कुणी लिहिलेली नाही. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ती लिहावी, असं मला मनापासून वाटतं. पाटील या आडनावाच्या दोन्ही छटा ज्याला ऐकू येतात, ‘री’ आणि ‘अहो’ मधला फरक ज्याला कुणी शिकवावा लागत नाही, त्याच्या हातात सामग्री इतरांपेक्षा जास्त आहे.

सीमेचा प्रश्न १९५६ पासून आपल्यासमोर आहे. महाजन आयोग झाला, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर आपली मतं आहेत, असावीतही. पण त्या प्रश्नाचा ताण मुलाच्या कानावर येऊ नये. मराठीवर प्रेम आहे म्हणून कन्नड ऐकायचं नाही, किंवा कन्नड चांगली येते म्हणजे मराठी सैल झाली, असा हिशेब मुलापुढे मांडला की ते दोन्हीकडे गप्प बसतं. आणि गप्प बसलेलं मूल कुठल्याच भाषेत लिहीत नाही.

शिक्षकांना एक छोटा उपक्रम सुचवून थांबतो. मुलांना माहीत असलेली, दोन्ही भाषांत झालेली कोणतीही मालिका घ्या. फळ्यावर चार रकाने करा : शीर्षक, नावं, हाका, शेवट. दोन्ही बाजूंनी काय आहे ते मुलांनाच सांगू द्या. तुम्हाला कन्नड येत नसेल तर तेही मुलांना सांगू द्या. त्या तासाला वर्गातलं जे मूल एरवी मागे बसतं, ज्याच्या वहीवर सगळ्यात जास्त लाल रेघा असतात, तेच बहुधा पुढे येऊन बोलेल, कारण त्या तासाला दोन भाषा येणं हा त्याचा अभ्यास ठरतो. ते काय सांगतं ते लिहून ठेवा. आपल्या भागाच्या भाषेविषयी आपल्याला अजून बरंच शिकायचं आहे, आणि ते शिकवणारे आपल्याच वर्गात बसलेले आहेत.